गाळातला मान्सून वाचायचा तर: फोरॅमवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी प्रकल्पासाठी पुण्याहून गोव्याला गेले. पहिल्याच दिवशी सरांनी टेबलावर चाळीस छोट्या पिशव्या मांडल्या. प्रत्येकीत दोन-तीन चमचे हिरवट राखाडी चिखल, आणि वर मार्करने लिहिलेले आकडे: ०-१, ५-६, १०-११... असं १९५-१९६ पर्यंत. गोव्यासमोरच्या समुद्रात, दीड हजार मीटर पाण्याखालून काढलेला दोन मीटरचा कोअर (तळात नळी घुसवून काढलेला गाळाचा उभा दंडगोल), दर पाच सेंटिमीटरवर एक सेंटिमीटर जाडीचा काप. "यात साधारण वीस हजार वर्षं आहेत," सर म्हणाले. "धुवायला घे."

धुवायचं कसं, किती, कशात, आणि धुताना काय बिघडू शकतं, हे मला कुणी सलग सांगितलं नाही. इकडून थोडं, तिकडून थोडं असं शिकत गेले आणि तीन नमुने कायमचे खराब केले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. सूक्ष्मजीवाश्म अनेक प्रकारचे असतात: रेडिओलारिया, डायटम, कोकोलिथ, ऑस्ट्राकोड, टेरोपॉड. मी फक्त फोरॅमिनिफेराबद्दल, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत फोरॅमबद्दल लिहिणार आहे, कारण तेच काम मी स्वतः केलं आहे.

फोरॅम हा एकपेशीय जीव. बहुतेक जाती चुन्याचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं कवच बांधतात, खोलीला खोली जोडत. कवचाचा आकार साधारण एक दशांश मिलिमीटर ते एक मिलिमीटर. काही जाती पाण्यात तरंगत जगतात, त्या प्लवकी. बाकीच्या तळावर किंवा गाळात राहतात, त्या तळवासी. आज जगणाऱ्या प्लवकी जाती पन्नासच्या आसपास आहेत, तळवासी मात्र हजारो. म्हणून नवख्याने प्लवकींपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. जीव मेला की कवच तळाशी जातं आणि ज्या पाण्यात ते बांधलं गेलं त्या पाण्याची खूण घेऊन गाळात पुरलं जातं.

जवळ काय काय हवं

कागद:
- विभागाचं पत्र आणि मार्गदर्शकाच्या सहीचं नमुना मागणीपत्र. त्यात कोअरचा क्रमांक, कोणत्या खोलीचे काप, प्रत्येकी किती ग्रॅम आणि कशासाठी, हे चारही मुद्दे स्पष्ट लिहा.
- कोअर काढला त्या सफरीची नोंद: अक्षांश, रेखांश, पाण्याची खोली, कोणत्या यंत्राने काढला.
- कोअर उघडल्यावर केलेलं वर्णन आणि फोटो.
- बांधीव वही. सुटे कागद चालणार नाहीत.

सामान:
- ६३ मायक्रॉन आणि १५० मायक्रॉनच्या चाळण्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग)
- मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा तराजू, ओव्हन, बीकर, धुण्याची पिचकारी बाटली
- मेथिलीन ब्लू
- नमुन्याची समान वाटणी करणारा मायक्रोस्प्लिटर
- स्टिरिओ मायक्रोस्कोप
- चौकटी आखलेला काळा ट्रे, तीन शून्य नंबरचा बारीक ब्रश (दोन घ्या, एकाची टोकं लवकर फुटतात)
- चौकटींच्या सूक्ष्मजीवाश्म स्लाईड आणि ट्रॅगाकान्थ डिंक

१. आधी प्रश्न, मग कोअर

"मला मान्सूनचा इतिहास काढायचा आहे" हा प्रश्न होत नाही. वारा शोधायचा आहे की पाऊस? वरच्या पाण्याचं तापमान की तळाचा प्राणवायू? उत्तरावर कोअरची जागा ठरते.

ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यावर उन्हाळी मान्सूनचे जोरदार वारे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतात आणि खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. त्या पाण्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही जात भरभरून वाढते. म्हणून तिथल्या गाळात तिचं प्रमाण वाढलं की वारे जोरात होते असं म्हणता येतं. खरगपूरच्या आयआयटीतले अनिल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ओमानजवळच्या कोअरवरून हेच दाखवलं: हिमयुगानंतरच्या सध्याच्या उष्ण काळाच्या सुरुवातीच्या सहस्रकांत वारे जोरात होते आणि पुढे हळूहळू मंदावले.

पण तो वारा आहे. सह्याद्रीवर पाऊस किती पडला, हे ओमानचा कोअर थेट सांगत नाही. पाऊस हवा असेल तर नद्यांचं गोडं पाणी जिथे समुद्रात पोचतं तिथे जावं लागतं: आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ, किंवा गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी पसरतं त्या बंगालच्या उपसागरात. कारवारला काळी नदीच्या मुखासमोरच्या उथळ गाळातल्या तळवासी फोरॅमवर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत राजीव निगम यांनी याच दिशेने काम केलं. उथळ पाण्यात काम करणाऱ्यांनी ते आवर्जून वाचावं.

कोअर मिळवायला दरवेळी जहाजावर जावं लागत नाही. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय खोदकाम मोहीम ३५५ ने आपल्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर पश्चिमेला, समुद्रतळावरच्या लक्ष्मी खोऱ्यात, यू १४५६ आणि यू १४५७ या ठिकाणी कोअर काढले. हिंदी महासागरातल्या अशा मोहिमांचे कोअर जपानमधल्या कोची इथे ठेवलेले आहेत (केरळातलं कोची वेगळं, माझी एक मैत्रीण तिथे चौकशी करायला निघाली होती). रीतसर मागणी केली की तिथून नमुने मिळू शकतात.

२. कोअरचा वरचा भाग खरंच वरचा आहे का?

ग्रॅव्हिटी कोअर म्हणजे जड वजन लावलेली नळी, ती वेगाने तळात घुसते. घुसताना वरचा मऊ, पाणीदार गाळ बाजूला उडतो. म्हणजे "०-१" लिहिलेली पिशवी आजचा तळ असेलच असं नाही, वरची काही शतकं किंवा त्याहून जास्त काळ गायब असू शकतो. आजचा तळच हवा असेल तर मल्टिकोअर किंवा बॉक्स कोअर घ्या, ही यंत्रं वरचा गाळ न उडवता उचलतात.

कोअरच्या फोटोत एखादा पट्टा जाड कणांचा, खालून वर बारीक होत गेलेला दिसला तर तिथे खूण करा. उतारावरून गाळ एकदम घसरून आला असेल तर असा थर तयार होतो. त्यातले फोरॅम त्या जागेचेही नसतात आणि त्या काळाचेही.

नमुना घेताना नळीच्या भिंतीला लागलेला गाळ सोडून द्या. नळी घुसताना तिथला चिखल वरून खाली ओढला जातो.

३. वाळवणं आणि तोलणं

रिकामं बीकर तोला, वजन वहीत. ओला नमुना घाला, ओव्हन ५० अंशांच्या आत ठेवा, पूर्ण वाळल्यावर पुन्हा तोला. नंतर "एका ग्रॅममध्ये किती कवचं" हा आकडा याच वजनावरून निघतो. बाकी यात काही अवघड नाही, फक्त दोन बीकरवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा, पेनची शाई पाण्याने जाते.

४. धुणं: सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं

वाळलेला नमुना साध्या पाण्यात भिजवा आणि अधूनमधून हलकेच हलवा. बहुतेक चिखल दोन-चार तासांत सुटतो. मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर ओता आणि मऊ फवाऱ्याने धुवा. चाळणी थोडी तिरपी धरा. खालून येणारं पाणी पांढऱ्या भांड्यात पडू द्या. ते स्वच्छ दिसलं की झालं. जाळीवर बोट फिरवून गोळे फोडायचा मोह होतो. तसं करू नका, पातळ कवचं लगेच चुरडतात. जाळी तुंबली तर खालून टिचकी मारा.

चाळणीत उरलेला भाग बाटलीच्या पिचकारीने एका कडेला गोळा करून बीकरमध्ये घ्या, वरचं पाणी अलगद ओतून टाका आणि लगेच ओव्हनमध्ये ठेवा. "उद्या वाळवू" म्हणून पाण्यात ठेवून घरी जाऊ नका. विशेषतः डिस्टिल्ड पाणी किंचित आम्लधर्मी असतं, त्यात चुना विरघळतो.

आता माझे तीन नमुने. काही कापांमध्ये सेंद्रिय पदार्थ जास्त होते, चिखल सुटेना. कुणीतरी सांगितलं म्हणून मी हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं. फेस आला, चिखल मोकळा होताना दिसला आणि मी खूश झाले. दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती, मी तीन बीकर तसेच ठेवून घरी गेले. परत येऊन धुतलं, वाळवलं, मोजलं. त्या तीन नमुन्यांत ग्लोबोरोटालिया मेनार्डी आणि निओग्लोबोक्वाड्रिना ड्यूटर्ट्राय या जाती अचानक वाढलेल्या, ग्लोबिजेरिनॉइडिस रूबर आणि बुलॉइडिस जवळजवळ नाहीशा. मी आठवडाभर समजत होते की मला हवामानातला एक मोठा बदल सापडला आहे. आलेख काढला, सरांना दाखवला. सरांनी आलेखाकडे पाहिलंच नाही. स्लाईड मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि विचारलं, "ही कवचं खडूसारखी का दिसतात?"

मेनार्डी आणि ड्यूटर्ट्राय यांची कवचं जाड, रूबर आणि बुलॉइडिसची पातळ. अरबी समुद्राच्या अशा गाळात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, असतो. पेरॉक्साइडने त्याचं ऑक्सिडीकरण झालं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. दोन दिवस माझ्या बीकरमध्ये पातळ कवचं विरघळत होती. तो बदल समुद्रातला नव्हता, माझ्या टेबलावरचा होता. त्या तीन नमुन्यांची जागा माझ्या आलेखात आजही मोकळी आहे, कारण त्या कापांचा गाळ पुन्हा मिळाला नाही.

म्हणून: पेरॉक्साइड शक्यतो टाळा. घालावंच लागलं तर सौम्य, थोडा वेळ, डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे लावून, आणि समोर उभं राहून. शिवाय मिळालेला सगळा नमुना एकदम कधीच धुवायला घेऊ नका. अर्धा बाजूला ठेवा.

दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी घासून धुवा आणि मेथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवा. जाळीत एखादं कवच अडकून राहिलं असेल तर ते निळं होतं. पुढच्या नमुन्यात निळं कवच दिसलं की ते आधीच्या नमुन्यातलं, उचलून टाकायचं. इतका साधा आणि इतका उपयोगी उपाय मला या कामात दुसरा माहीत नाही.

५. चाळणं आणि वाटणी

वाळलेला भाग १५० मायक्रॉनच्या चाळणीतून कोरडाच चाळा. प्लवकींची मोजणी सहसा १५० च्या वरच्या भागावर करतात, कारण लहान पिल्लांची जात ओळखणं कठीण. काही प्रयोगशाळा १२५ वापरतात. तुमचे आकडे ज्या जुन्या कोअरशी ताडायचे आहेत तिथे कोणती चाळणी होती ते पाहून ठरवा आणि शेवटपर्यंत तीच वापरा.

पूर्ण भागात हजारो कवचं असतात. स्प्लिटरने अर्धे, पुन्हा अर्धे करत जा, एका वाट्यात ३०० च्या वर कवचं उरेपर्यंत. प्रत्येक वाटणी वहीत लिहा. समजा सोळावा हिस्सा मोजला आणि त्यात ३२० कवचं निघाली, कोरडा नमुना ८ ग्रॅम होता. ३२० गुणिले १६ म्हणजे ५,१२०. भागिले ८, म्हणजे ग्रॅमला ६४० कवचं.

३०० च का? एखाद्या जातीचा वाटा १० टक्के असेल तर ३०० मोजल्यावर त्या आकड्यात साधारण साडेतीन टक्के इकडे-तिकडे होण्याची शक्यता राहते. १०० च मोजली तर तीच सहा टक्के होते. म्हणून बुलॉइडिस १० वरून १२ टक्क्यांवर गेली, एवढ्यावर काही लिहू नका.

आणि वाटा घेतला की तो पूर्ण मोजायचा. ३०० झाले म्हणून अर्ध्यावर थांबू नका. ट्रेवर मोठी, गोल कवचं घरंगळून एका बाजूला जमतात, अर्ध्यावर थांबलात तर एक बाजूच मोजली जाते.

६. निवडणं

घरी आजी ताटात तांदूळ पसरून निवडायची, ते पाहिलं असेल तर हे काम तुम्हाला ओळखीचं वाटेल. एकावर एक दाणा येणार नाही इतका पातळ थर काळ्या ट्रेवर भुरभुरा. पंखा बंद. एसीचा झोत ट्रेवर येत नाही ना ते पाहा. श्वास बाजूला सोडा. माझ्या शेजारी बसणारी ताई सर्दी झाली की मायक्रोस्कोपला हातच लावायची नाही, त्या दिवशी वही पूर्ण करायची.

ब्रशचं टोक पाण्यात बुडवून बोटाच्या नखावर टेकवा, जास्तीचं पाणी निघून टोक सुईसारखं होतं. मग कवचाला फक्त स्पर्श करायचा. ते ओल्या टोकाला आपोआप चिकटतं. दाबायचं नाही. स्लाईडच्या चौकटीत नेऊन टेकवलं की तिथे सुटतं. पहिल्या दिवशी मला ३०० कवचं उचलायला सकाळ ते संध्याकाळ लागली. महिन्याभरात तेच दोन-अडीच तासांवर आलं.

ट्रेची पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे, नांगर फिरवल्यासारखं जा. जे समोर येईल ते उचला. सुंदर, अखंड, काचेसारखी कवचं आधी उचलावीशी वाटतात, पण मळकं, अर्धवट झालेलंही तितकंच मोलाचं. अर्ध्याहून जास्त शाबूत असेल तर कवच म्हणून मोजा, नाहीतर "तुकडा" म्हणून वेगळ्या रकान्यात. तुकड्यांचा हा रकाना बरेच जण ठेवत नाहीत. तो ठेवा, नवव्या पायरीत लागणार आहे.

एक महत्त्वाचं: जी कवचं पुढे समस्थानिकांसाठी (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू मोजायला) किंवा कार्बन-१४ साठी (वय काढायला) जाणार आहेत त्यांना डिंक लावू नका. डिंकात कार्बन असतो. ती वेगळ्या, कोरड्या स्लाईडमध्ये ठेवा.

दर अर्ध्या तासाने मान वर करा, खिडकीबाहेर लांबचं झाड पाहा. खुर्चीची उंची पहिल्या दिवशीच नीट लावा.

७. जात ओळखणं

सगळ्या जाती एकदम शिकायला जाऊ नका. अरबी समुद्रासाठी सुरुवातीला एवढ्या पुरतात:

ग्लोबिजेरिना बुलॉइडिस: शेवटच्या वेढ्यात चार फुगीर खोल्या, मध्ये मोठं, कमानदार तोंड. तोंडाला कडेने पातळ ओठ असेल आणि ते लहान असेल तर ती बहुधा ग्लोबिजेरिना फाल्कोनेन्सिस. नवखे इथेच सर्वात जास्त चुकतात, आणि बुलॉइडिसवरच सगळं अवलंबून असतं.

ग्लोबिजेरिनॉइडिस रूबर: शेवटच्या वेढ्यात तीन खोल्या. उलटी करून पाहा, मागच्या बाजूला आणखी दोन छोटी छिद्रं दिसली की शंका उरत नाही.

ट्रायलोबॅटस सॅक्युलिफर: पृष्ठभाग मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार, शेवटची खोली कधीकधी पिशवीसारखी लांबट.

ऑर्ब्युलिना युनिव्हर्सा: भिजवलेल्या साबुदाण्यासारखा नितळ गोल, फक्त कितीतरी लहान.

ग्लोबोरोटालिया मेनार्डी: चपटी, मोठी, कडेने जाड काठ. ही कुणीही पहिल्या दिवशी ओळखतं.

निओग्लोबोक्वाड्रिना ड्यूटर्ट्राय: शेवटच्या वेढ्यात पाच-सहा खोल्या, घट्ट बांधणी, खडबडीत कवच.

तळवासींमध्ये युव्हिजेरिना उभ्या शिरांच्या भेंडीसारखी दिसते आणि बोलिव्हिना गव्हाच्या ओंबीसारखी, दोन रांगांत खोल्या. या दोन्ही एकदम वाढल्या तर तळाला प्राणवायू कमी आणि अन्न भरपूर असं समजून पुढे तपासायला घ्या. अरबी समुद्रात साधारण २०० ते १,००० मीटरच्या दरम्यान प्राणवायू अतिशय कमी असलेला पट्टा आहे, त्याची वरखाल अशा जातींतून कळते.

मिक्रोटॅक्स या संकेतस्थळावर प्लवकींची छायाचित्रं मोफत पाहता येतात. पण फोटोवरून ओळखणं आणि मळकट नमुन्यातून ओळखणं यांत फरक आहे. पहिले पाच नमुने मोजून झाल्यावर पुन्हा पहिला नमुना मोजा. माझे दोन आकडे जुळले नव्हते, आणि ते साहजिक होतं, कारण मधल्या काळात माझी नजर तयार झाली होती. पहिले पाच सगळे पुन्हा मोजले.

८. वय काढणं

२०० सेंटिमीटरला २०,००० वर्षं, म्हणजे हजार वर्षांना १० सेंटिमीटर, एक सेंटिमीटरचा काप म्हणजे सरासरी शंभर वर्षं. हा अंदाज झाला. खरं वय प्लवकी कवचांवरून, कार्बन-१४ ने. ही पद्धत साधारण ५०,००० वर्षांपर्यंत चालते. पूर्वी एका वयासाठी दहा मिलिग्रॅम कवचं, म्हणजे हजारभर रूबर निवडावे लागत. आता यंत्रं कमी नमुन्यातही काम करतात. देशात दिल्लीचं आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्र आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा इथे ही मापनं होतात.

प्रयोगशाळेकडून आलेला आकडा तसाच आलेखावर टाकू नका. समुद्राच्या पाण्यातला कार्बन हवेतल्यापेक्षा जुना असतो, त्यामुळे वय काहीशे वर्षं जास्त येतं, आणि जिथे खालचं पाणी वर येतं तिथे आणखी जास्त. मरीन-२० या, समुद्री नमुन्यांची कार्बन वयं खऱ्या वर्षांत बदलणाऱ्या, वक्राने आणि आपल्या भागाच्या दुरुस्तीने ते सुधारा, आणि कोणती दुरुस्ती वापरली ते लिहून ठेवा. वरचा नमुना खालच्यापेक्षा जुना निघाला तर घाबरू नका, पण लपवूही नका. दुसऱ्या पायरीत खूण केलेला जाड कणांचा पट्टा पुन्हा पाहा.

कोअर जास्त जुना असेल तर दोन खुणा कामी येतात. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीची राख बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रातही सापडते. आणि रूबरचा गुलाबी प्रकार हिंदी महासागरातून सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वी नाहीसा झाला, अटलांटिकमध्ये तो अजून आहे. गुलाबी रूबर दिसू लागला की तुम्ही त्या थराच्या खाली आलात.

९. अर्थ लावणं

इथे घाई होते, कारण सहा महिन्यांच्या कष्टांनंतर काहीतरी मोठं सापडावं असं वाटतं. आलेखातला प्रत्येक चढउतार हवामानाला देण्याआधी त्याला दुसरीकडून येण्याची संधी द्या. मी हे प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत:

तुकडे वाढले आहेत का, आणि त्याच वेळी जाड कवचांच्या जाती वाढल्या आहेत का? तसं असेल तर विरघळणं आधी. ते समुद्राच्या तळावरही होतं आणि माझ्यासारखं टेबलावरही.

कवचं तपकिरी, झिजलेली, चकाकी गेलेली आहेत का? मुंबई-सौराष्ट्रासमोर समुद्रात फिफ्टी फॅदम फ्लॅट नावाचा चुनखडी वाळूचा विस्तीर्ण सपाट भाग आहे. समुद्र आजच्यापेक्षा खूप खाली होता तेव्हाचा तो अवशेष. वीस-एकवीस हजार वर्षांपूर्वी पाणी सुमारे १२० मीटर खाली होतं. तिथल्या नमुन्यात जुनी, उथळ पाण्यातली कवचं आजच्यांत मिसळलेली सापडतात. न पाहता मोजलीत तर आजच्या बाहेरच्या समुद्रात किनारा उभा कराल.

किड्यांनी गाळ किती ढवळला असेल? तळावरचे जीव वरचा आठ-दहा सेंटिमीटर गाळ सतत खालीवर करतात. माझ्या कोअरच्या हिशेबाने ती आठशे ते हजार वर्षांची सरमिसळ. अशा कोअरवरून एखाद्या दशकातल्या दुष्काळाबद्दल बोलता येत नाही. जिथे तळाला प्राणवायू नाही तिथे किडे जगत नाहीत आणि गाळाचे पातळ थर शाबूत राहतात; पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोर असे थर मिळतात.

या जातीचा अर्थ या जागी तोच आहे का? ओमानला बुलॉइडिस म्हणजे उन्हाळी वारे. आपल्या बाजूला, विशेषतः उत्तरेकडे, हिवाळ्यातले कोरडे वारेही पाणी थंड करून ढवळतात आणि पोषकद्रव्यं वर आणतात. तेव्हा गोव्याच्या कोअरमध्ये बुलॉइडिस वाढली तर कोणत्या ऋतूमुळे, हे फक्त मोजणीवरून सांगता येत नाही.

म्हणूनच कवचाचं रसायन लागतं. साधारणपणे २५० ते ३५० मायक्रॉनच्या पांढऱ्या रूबरमधले ऑक्सिजनचे समस्थानिक मोजतात. पाणी एक अंश गार झालं की जड ऑक्सिजनचा आकडा ०.२२ सहस्रांशाने वाढतो. पण हिमयुगात हलका ऑक्सिजन बर्फात अडकतो, त्यानेही साऱ्या समुद्राचा आकडा सुमारे एकाने वाढतो, आणि पाऊस कमी होऊन पाणी खारट झालं तरी तो वाढतो. समजा कोअरच्या तळाशी आणि वर १.५ चा फरक आला. एक बर्फाचा वजा केला, उरला ०.५. तो सगळा तापमानाचा मानला तर सव्वादोन अंश. सगळा खारटपणाचा मानला तर पावसातला मोठा बदल. कोणता, हे ठरवायला त्याच कवचांतलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचं प्रमाण मोजतात, कारण ते दर अंशाला सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं आणि त्यावर बर्फाचा परिणाम जवळजवळ नाही. तापमान तिथून घ्या, ऑक्सिजनमधून वजा करा, उरेल तो खारटपणा. कवचांच्या खोल्यांत चिकणमाती राहिली तर मॅग्नेशियम फुगतं, म्हणून ती फोडून, वारंवार धुऊन घ्यावी लागतात.

माझ्या प्रकल्पात मॅग्नेशियम नव्हतं. म्हणून मी प्रबंधात "पाऊस वाढला" असं लिहिलं नाही. "पाणी उबदार झालं, किंवा कमी खारट झालं, किंवा दोन्ही" असं लिहिलं. तोंडी परीक्षेत त्या वाक्यावर बराच वेळ चर्चा झाली आणि ते तसंच राहिलं.

१०. ठेवून जाणं

काम संपल्यावर प्रत्येक स्लाईडवर कोअर क्रमांक, खोली, चाळणी, वाटणीचा हिस्सा, तुमचं नाव आणि तारीख लिहा. न धुतलेला अर्धा गाळ, ६३ ते १५० मायक्रॉनचा भाग, न मोजलेले वाटे, सगळं वेगळ्या बाटल्यांत, झाकणावर आणि अंगावर दोन्हीकडे चिठ्ठी. मोजणीचा तक्ता टक्केवारीत देऊ नका, मूळ आकडे द्या. आकड्यांवरून टक्के निघतात, टक्क्यांवरून आकडे निघत नाहीत. वहीची एक प्रत कपाटात, स्लाईडच्या शेजारी.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचा निरोप आला: कपाटात माझ्या ३७ स्लाईड सापडल्या, डिंक न लावलेल्या रूबरच्या वेगळ्या, आणि त्यांतलं मॅग्नेशियम मोजायला ती परवानगी मागत होती. तीन स्लाईड कुठे आहेत असं तिने विचारलं. मी तिला वहीतलं चतुर्थीचं पान उघडायला सांगितलं.